बेट राखून बांबू घ्यायचा तर

बांबूच्या बेटाशी पोचल्या पोचल्या कोयता काढायचा नाही. आधी बेटाभोवती एक पूर्ण फेरी मारायची आणि मोजायचं: यंदाचे किती, गेल्या वर्षीचे किती, जुने किती, वाळके-मोडके किती. आमच्याकडे तोडीवर पहिल्यांदा येणाऱ्या पोरापोरींना मी पहिला अख्खा दिवस फक्त मोजायला लावते. त्या दिवसाची मजुरी पूर्ण मिळते. संध्याकाळपर्यंत ते कंटाळून जातात, पण दुसऱ्या दिवसापासून चुकीचा बांबू तुटत नाही.

मी गडचिरोली जिल्ह्यातली. घरची दोन एकर धानाची शेती आहे, मागे सांदवाडी (परसबाग) आहे, आणि बारा वर्षांपासून ग्रामसभेच्या जंगल समितीचं काम करते. आमच्या गावाला सामूहिक वनहक्क, म्हणजे जंगल राखायचा आणि वापरायचा गावाचा हक्क, मिळाला त्याच हिवाळ्यात आम्ही आमच्याच हातांनी जंगलाचं नुकसान केलं, हे आधी सांगते. हक्क नवा होता, गावात पैशाची गरज होती, आणि एक खरेदीदार रोख घेऊन दारात उभा होता. जेवढा माल निघेल तेवढा काढला. ट्रक जिथपर्यंत येतो तिथली बेटं अगदी बोडकी झाली, आणि आतल्या जंगलात जुने बांबू उभ्याउभ्या वाळले. पुढच्या दोन पावसाळ्यांत त्या रस्त्याकाठच्या बेटांतून अंगठ्याएवढे बारीक कोंब निघाले. माझे मामाजी, म्हणजे सासरे, मला तिथं घेऊन गेले आणि काही न बोलता त्या कोंबांकडे बोट दाखवलं. तेव्हापासून मी हे शिकत आले.

खाली लिहिलंय ते ज्या गावांना वनहक्क मिळाला आहे किंवा मिळायच्या वाटेवर आहे त्यांच्यासाठी. जंगल नसलेल्या पण बांध असलेल्या शेतकऱ्यासाठीही शेवटी थोडं आहे.

बांबूचं वय ओळखा

आमच्या जंगलात बहुतेक मानवेल जातीचा बांबू. आतून जवळजवळ भरीव, काठीला आणि विणायला चांगली. नाल्याकाठी काटस असते, उंच, पोकळ आणि काटेरी. मी सांगते ते मुख्यतः मानवेलीचं.

बांबू हे गवत आहे, ही गोष्ट पक्की लक्षात ठेवली की बाकीचं सगळं सोपं होतं. झाड वर्षागणिक जाड होत जातं. बांबूचा कोंब जमिनीतून ज्या जाडीचा निघतो, तीच जाडी शेवटपर्यंत राहते. पावसाळ्याच्या दोन-तीन महिन्यांत तो आपली पूर्ण उंची गाठतो आणि त्यानंतर एक वीतही वाढत नाही. पुढची वर्षं तो फक्त आतून पक्का होत असतो. म्हणून 'राहू द्या, अजून जाड होईल' म्हणून बारीक बांबू राखण्यात काही हाशील नाही, आणि 'जाड झालाय की, तोडा' म्हणून यंदाचा बांबू पाडण्यात तर सगळंच नुकसान. यंदाचा बांबू पाण्यानं भरलेला असतो. तोडला तर वाळताना सुरकुततो, चिरतो, आणि किडा सगळ्यात आधी त्याला लागतो.

यंदाचा बांबू ओळखायला कठीण नाही. पेऱ्यांना तपकिरी, कागदासारखी खोळ चिकटलेली असते, अंगावर पांढरी भुकटी असते, रंग कोवळा हिरवा. अंगठ्यानं भुकटी पुसली जाते. गेल्या वर्षीच्या बांबूची खोळ बरीचशी गळलेली असते, खालच्या पेऱ्यांशी थोडी उरते, आणि फांद्या फुटलेल्या असतात. इथंच नवशिके फसतात, कारण दुरून तो पक्का वाटतो. तिसऱ्या वर्षाचा आणि त्यापुढचा बांबू मळकट हिरवा, पुढे पिवळसर होतो. अंगावर पांढुरके, राखाडी डाग धरतात. कोयत्याच्या मुठीनं ठोकलं की टणक आवाज येतो. कोवळ्याचा आवाज बसका येतो. कान तयार व्हायला एक हंगाम लागतो, तोवर जुन्या माणसाला सोबत घ्या.

तोडायचा तो फक्त तिसऱ्या वर्षाचा आणि त्याच्या पुढचा.

किती घ्यायचे, कुठून घ्यायचे

आकड्यांनी सांगते. समजा बेटात ४० बांबू आहेत. मोजल्यावर यंदाचे ७ निघाले, गेल्या वर्षीचे ८. या १५ जणांना हात लावायचा नाही. राहिले २५. त्यात वाळके, मोडके, वाकडे होऊन दुसऱ्यात अडकलेले ५ आहेत, ते आधी काढायचे. आता २० पक्के राहिले. त्यातले १० ठेवायचे आणि १० घ्यायचे. पक्के बांबू दहापेक्षा कमी असतील तर त्या बेटाला त्या वर्षी सुट्टी. आमच्या ग्रामसभेनं ठरवलेला हा नियम आहे. तुमची जमीन हलकी असेल, गुरांची चराई जास्त असेल, तर आणखी जास्त राखा.

पक्के बांबू ठेवायचेच कशाला, असं दर वर्षी कुणीतरी विचारतं. नवा कोंब स्वतःच्या पानांवर वाढत नाही, त्याला पानंच नसतात. जमिनीखालचा कंद जोडलेला असतो, आणि जुन्या बांबूंच्या पानांनी तयार केलेलं अन्न त्यातून कोंबाकडे जातं. जुने जास्त तोडले की कोंब उपाशी राहतात आणि बारीक येतात. आमच्या रस्त्याकाठच्या बेटांचं तेच झालं होतं. शिवाय कोवळा, लांबलचक कोंब वाऱ्यात टिकतो तो शेजारच्या पक्क्या बांबूंच्या आधारानं.

आता जागेची गोष्ट, आणि माझ्या मते सगळ्यात जास्त नासाडी इथं होते. बेट बाहेरच्या बाजूला सरकत वाढतं. नवे कंद आणि नवे कोंब कडेला असतात, म्हातारे मध्यभागी. तोडणाऱ्या माणसाला मात्र कडेचा बांबू सोपा पडतो, आत शिरायला फांद्या अंगाला ओरबाडतात. नुसतं सोडलं तर प्रत्येक जण कडेचेच तोडतो. मग बेटाचं तारुण्य जातं आणि मध्ये वाळक्यांची गर्दी होते, तिथं नवा कोंब वर यायला वाटच नसते. म्हणून एका बाजूनं वाट करा, घोड्याच्या नालेसारखं बेट उघडा, आणि मधले काढा. वाट करायला सुरुवातीला चार बांबू कडेचे जातील, ते चालतं. उघडी बाजू शक्यतो उताराच्या वरच्या अंगाला ठेवा, म्हणजे आत उभं राहून काम करताना पाय घसरत नाही. वेळ जास्त लागतो. म्हणून आम्ही मजुरी ठरवताना आतल्या बांबूचा दर कडेच्या बांबूपेक्षा वर ठेवला आहे. नियम कागदावर लिहून कुणी पाळत नव्हतं, दर बदलल्यावर पाळायला लागले.

तोडताना घाव जमिनीपासून एक वीतभर उंचीवर, पेऱ्याच्या, म्हणजे गाठीच्या, लगेच वर द्या. पेऱ्याच्या बराच वर दिला तर खुंटाची नळी उघडी राहते, तिच्यात पावसाचं पाणी साठतं, ते सडतं आणि सड खाली कंदात उतरते. फार उंच खुंट ठेवले तर पुढच्या वेळी आत शिरता येत नाही, आणि प्रत्येक खुंटातला चांगला, जाड भाग फुकट जातो. घाव तिरपा, स्वच्छ, धारदार कोयत्यानं. बोथट हत्यारानं खुंट फाटतो. कंद उकरून काढायचा नाही, कुणी कितीही पैसे देवोत.

तोड झाली की फांद्या-शेंडे बेटात टाकून यायचं नाही. ते दहा-बारा पावलं दूर नेऊन पसरायचे. बेटाच्या पोटात वाळकी काटकी राहिली तर उन्हाळ्यात वणवा तिथंच पेटतो. आणि पावसाळ्याच्या आधी कंदांवर दोन-चार घमेली माती आणि पालापाचोळा चढवला तर कोंब जोरात येतात. आम्हाला हे सगळ्या बेटांना जमत नाही. थकलेल्या बेटांना तरी करतो.

कधी तोडायचं

दिवाळीनंतर, धान कापून-बांधून झालं की आम्ही सुरू करतो, आणि मोहफुलं पडायला लागायच्या आत थांबवतो. जून ते ऑक्टोबर पूर्ण बंद. पावसाळ्यात कोंब काचेसारखे ठिसूळ असतात. एक बांबू पाडला की अंगाखाली तीन कोंब मोडतात, आणि माणसाच्या पायाखाली आणखी दोन. उन्हाळ्यातही नको, कारण कोंब काढायच्या आधी बांबूत पिठूळ साठा जास्त असतो आणि किड्याला तोच हवा असतो. आमचे भूमया (गावचे पुजारी) अमावास्येला तोडलेला बांबू टिकतो म्हणतात आणि घराच्या आढ्यासाठी लागणारा बांबू त्याच दिवशी तोडतात. त्यांची ती तिथी मी पाळते, त्यात नुकसान काही नाही.

पावसाळ्यातल्या वास्त्यांचं काय? कोवळ्या कोंबांची भाजी आमच्याकडे घरोघरी होते आणि होणारच. पण सुरुवातीचे जाड कोंब तोडून बाजारात नेले तर तीन वर्षांनंतरचा बांबूच विकून टाकल्यासारखं होतं. म्हणून आमचा नियम असा: पहिले, जाड, कडेचे कोंब सोडायचे. बेटाच्या मध्ये दाटीत आलेले आणि हंगामाच्या शेवटी उशिरा निघालेले घ्यायचे. उशिराचे कोंब तसेही बहुतेक अर्ध्यावर मरतात. घरच्या ताटापुरते घ्या, टोपली भरून बाजाराला नको.

आग

तुम्ही बांबू कितीही नीट तोडा, मार्चमधली एक आग तीन वर्षांचे कोंब भाजून काढते. आमच्या भागात आग आपोआप लागत नाही. मोहाखालचा पाला जाळला की पांढरी-पिवळी फुलं स्वच्छ जमिनीवर वेचायला सोपी जातात, म्हणून लोक पाला पेटवतात, आणि दुपारचा वारा ती आग पुढे नेतो. तेंदूच्या झुडपांना नवी पानं फुटावीत म्हणूनही काही जण आग लावतात.

यावर रागावून उपयोग नाही. पहाटे चारला उठून मोहाखाली बसणारी बाई माझीच जाऊ असते. तिला दुसरी सोय करून द्यावी लागते. आम्ही असं केलं: फुलं पडायच्या आठ दिवस आधी प्रत्येक घरानं आपल्या मोहाखालचा पाला खराट्यानं झाडून गोल साफ करायचा आणि तो पाला शेतात खड्ड्यात टाकायचा. शिवाय जुन्या साड्या शिवून मोठे पडदे केले, ते झाडाखाली अंथरले की फुलं मातीला लागत नाहीत. अशी फुलं स्वच्छ वाळतात, आणि त्यांना माती लागलेल्या फुलांपेक्षा दोन पैसे जास्त मिळतात. तेंदूची झुडपं जमिनीलगत कोयत्यानं छाटली की तसेच कोवळे फुटवे येतात.

फेब्रुवारीच्या मध्यापासून आम्ही हद्दीवर जाळरेषा, म्हणजे आग पुढे जाऊ नये म्हणून ठेवलेला मोकळा पट्टा, साफ करतो आणि घरटी पाळी लावून दुपारची राखण करतो. पाळी चुकवणाऱ्या घराला दंड आहे. तो दंड पहिल्यांदा माझ्याच घराला बसला होता, धाकटा दीर लग्नाला गेला म्हणून. भरला.

हक्क, ठराव आणि वाहतुकीचा परवाना

२००६ च्या वनहक्क कायद्यात गौण वनोपजाच्या, म्हणजे लाकूड सोडून जंगलातून मिळणाऱ्या वस्तूंच्या, व्याख्येत बांबूचं नाव स्पष्ट लिहिलेलं आहे. गोळा करायचा, वापरायचा आणि विकायचा हक्क त्यातून येतो. तरीही गावाला स्वतःचा बांबू विकायला सोपं गेलं नाही. आमच्याच जिल्ह्यात धानोरा तालुक्यातल्या मेंढा (लेखा) गावाला २००९ मध्ये सामूहिक वनहक्क मिळाला, पण बांबू बाहेर न्यायचा परवाना मिळेना. गावचे पुढारी देवाजी तोफा आणि गावकरी अडून बसले. शेवटी २७ एप्रिल २०११ ला केंद्रातले त्या वेळचे वनमंत्री जयराम रमेश आणि मुख्यमंत्री पृथ्वीराज चव्हाण गावात आले आणि परवान्याचं पुस्तक ग्रामसभेच्या हातात दिलं. आज आमच्यासारखी गावं जी पावती फाडतात, तिच्यामागे ही अडून बसण्याची गोष्ट आहे. नव्या पोरांना मी ती दर वर्षी सांगते.

पुढच्या वर्षी, २०१२ ला नियम बदलले. आता वाहतुकीचा परवाना ग्रामसभेनं नेमलेली समिती किंवा ग्रामसभेनं अधिकार दिलेली व्यक्ती देते, आणि गौण वनोपजावर स्वामित्व शुल्क लागत नाही.

हक्क अजून मिळाला नसेल तर क्रम असा. ग्रामसभा १० ते १५ जणांची वनहक्क समिती निवडते, त्यात किमान एक तृतीयांश बाया हव्यात. सामूहिक वनसंपत्तीचा दावा फॉर्म 'क' मध्ये भरायचा. शिवारफेरी काढून हद्दीचा नकाशा करायचा, शेजारच्या गावांना त्या फेरीला बोलवायचं. ही पायरी कधीही गाळू नका. आम्ही एका बाजूला गाळली आणि दोन वर्षं एका नाल्यावरून शेजारच्या गावाशी अबोला राहिला. पुरावे एकापेक्षा जास्त लागतात: निस्तार पत्रक (गावाच्या जंगलवापराच्या हक्कांची नोंद), जुने नकाशे, देवस्थानं-मसणवट्याच्या खुणा, म्हाताऱ्या माणसांचे लेखी जबाब. ग्रामसभेला निम्मे लोक हजर पाहिजेत आणि त्यात एक तृतीयांश बाया. ठराव झाला की दावा उपविभागीय समितीकडे आणि तिथून जिल्हा समितीकडे जातो. प्रत्येक टप्प्यावर पोच घ्या, तारखेसह. आमचा एक गठ्ठा एका कार्यालयात 'सापडत नाही' झाला होता. पोच होती म्हणून दावा वाचला.

विक्री

गावातल्या बुरुडांच्या घरांना आधी. आमच्याकडे दोन घरं आहेत, तिसरं शेजारच्या टोलीवर. त्यांना वर्षाला किती बांबू लागतात ते तोडीच्या आधीच विचारून ठेवतो आणि तेवढे चांगले, सरळ, दोन गाठींत लांब अंतर असलेले बाजूला काढतो. व्यापाऱ्याला दिल्यावर उरलेलं त्यांना द्यायचं हे बरोबर नाही. गावातल्या घरांची कुंपणं, मांडव, आढी यांच्यासाठी दुसरा वाटा. त्यानंतर खरेदीदार.

खरेदीदार ठरवताना निविदा लेखी मागवा, ग्रामसभेत सगळ्यांसमोर उघडा, आणि काही रक्कम आगाऊ ग्रामसभेच्या बँक खात्यात आल्याशिवाय कोयता उचलू नका. आणि विक्री वजनावर करू नका. ओला बांबू जड, वाळला की हलका. काटा कुठं आणि कधी होतो यावर सगळा भाव फिरतो. आमच्या दुसऱ्या वर्षी माल डेपोत महिनाभर पडू दिला आणि मग काटा झाला. त्यात गेलेले पैसे कधी परत आले नाहीत. आता आम्ही नगावर विकतो. लांबीप्रमाणे वेगळे लावतो, २० चा गठ्ठा बांधतो, गावच्या डेपोतच मोजणी होते आणि खरेदीदाराच्या माणसाची सही तिथल्या तिथं घेतो. ट्रक हद्दीबाहेर गेला की मोजणीचा वाद ऐकायचा नाही.

आलेल्या पैशातून तोडणाऱ्यांची मजुरी आठवड्याच्या आठवड्याला, थेट त्यांच्या खात्यात. उरलेल्यातला एक ठरलेला वाटा जंगलाच्या कामासाठी बाजूला: जाळरेषा, राखण, माती चढवणं. हा वाटा ठराव करून आधी बाजूला काढा, कारण वर्षाच्या शेवटी उरेल म्हटलं तर उरत नाही.

घरी विणायचं असेल तर

कच्चा बांबू विकण्यापेक्षा सूप-टोपली करून विकली तर तेवढ्याच बांबूतून जास्त घरं जगतात, आणि जंगलातून कमी बांबू तोडावा लागतो. पण विणकाम शिकायचं ते बुरुडाच्या हाताखाली बसून. कामट्या काढताना कोयता कसा धरायचा, अंगठ्यानं बेळ (विणायची पातळ पट्टी) कशी सोलायची, हे लिहून सांगता येत नाही. विणायला तीन वर्षांचा बांबू घ्या. त्याहून जुना ताठर होतो आणि बेळ तुटते.

मी इथं किड्याबद्दल सांगते, कारण आमच्या बायांच्या गटानं पहिल्या वर्षी केलेल्या साठ टोपल्यांना आठ महिन्यांत घुण लागला. खाली पिवळी भुकटी पडायला लागली की समजायचं. तो बारीक भुंगेरा बांबूतल्या पिठावर जगतो. म्हणजे पीठ काढून टाका किंवा बांबू त्याला खाता येणार नाही असा करा.

पीठ काढायचा जुना उपाय म्हणजे पाण्यात बुडवणं. बोडीत (लहान तळ्यात) किंवा वाहत्या नाल्यात बांबूचे तुकडे दगड ठेवून दोन-तीन आठवडे बुडवा. बोडीत वास मारतो, म्हणून माणसं-गुरं पाणी पितात तिथं हे करू नका. मग सावलीत उभे करून वाळवा. कडक उन्हात आडवे टाकले तर चिरतात.

दुसरा उपाय टाकणखार म्हणजे बोरॅक्स, आणि बोरिक ॲसिड. आम्ही १०० लिटर पाण्यात ३ किलो टाकणखार आणि २ किलो बोरिक ॲसिड घेतो. थोड्या कोमट पाण्यात आधी विरघळवून मग टाकीत ओततो. कामट्या आठवडाभर पूर्ण बुडवून ठेवतो आणि काढून सावलीत वाळवतो. अख्खा बांबू असेल तर लोखंडी सळीनं आतल्या गाठी फोडाव्या लागतात, नाहीतर पाणी आत जात नाही. हातमोजे घाला, पोरांना लांब ठेवा, आणि उरलेलं द्रावण नाल्यात ओतू नका, पुढच्या खेपेला त्यातच भर घालून वापरा.

धान पाखडायचं सूप, भाकरीची टोपली, म्हणजे अन्न ज्याला लागतं ते काहीही या द्रावणात बुडवू नका. त्यांना पाण्याचाच उपाय, आणि नंतर चुलीवरच्या माळ्यावर धूर. आमच्या घरातलं एक सूप मामाजींच्या आईच्या वेळचं आहे, धुरानं काळंभोर झालेलं, आणि त्याला एक भोक नाही.

विकायला काय करायचं? आधी आठवडी बाजारात एक फेरी मारून लोक काय विकत घेतात ते बघा. आमच्या गटाला कुणीतरी शोभेचे दिवे करायला सांगितले होते. केले, दोन वर्षं घरात पडले. सूप, टोपल्या, कोंबड्या झाकायचं डालगं हे मात्र दर सोमवारी संपतं. शहरातून मागणी लेखी आली, मापासकट आली, आगाऊ पैशासकट आली, तर शोभेची वस्तू जरूर करा.

धुऱ्यावर (शेताच्या बांधावर) लावायचा असेल तर

शेतातल्या बांबूला आता तोडीचा परवाना लागत नाही. २०१७ मध्ये भारतीय वन कायद्यात बदल झाला आणि जंगलाबाहेर वाढलेला बांबू 'झाड' या व्याख्येतून काढला.

धानाच्या बांधीला, म्हणजे खाचराला, सावली सोसत नाही, म्हणून बांबू उत्तरेच्या धुऱ्यावर लावा. धान निसवताना आणि भरताना सूर्य दक्षिणेकडे कललेला असतो, त्यामुळे सावली शेताबाहेर पडते. अर्थात पलीकडे शेजाऱ्याची बांधी असेल तर आधी त्याच्याशी बोला. दोन बेटांत पाच मीटर अंतर ठेवा. खड्डा दोन फूट लांब, दोन फूट रुंद, दोन फूट खोल, उन्हाळ्यातच काढून तापू द्या, आणि पाऊस लागला की शेणखत-मातीनं भरून रोप लावा. शेताच्या बाजूनं दोन फूट खोल चर काढला की मुळं धानाकडे जात नाहीत. पहिली दोन वर्षं गुरांपासून राखणं एवढंच खरं काम आहे. पाचव्या वर्षाच्या आसपास पहिली तोड मिळते, नियम जंगलासारखेच.

रोपं घेताना एक विचारा: बी कुठल्या वर्षाचं, कुठल्या जंगलाचं? बांबू आयुष्यात एकदाच फुलतो आणि मरतो. मानवेलीला त्यासाठी साधारण पंचवीस ते पंचेचाळीस वर्षं लागतात. एकाच बियाण्याची सगळी रोपं जवळपास एकाच वेळी फुलतात, आणि जुन्या बेटाचा कंद आणून लावला तर तो नवा नसतोच, तो आईच्या वयाचा असतो आणि तिच्याबरोबरच फुलतो. मग सगळा धुरा एका वर्षात वाळतो. म्हणून दोन-तीन ठिकाणचं बी मिसळून लावा.

जंगलातलं बेट फुललं तर घाई करून उभा बांबू तोडू नका. बी पिकून जमिनीवर पडू द्या, मग वाळलेला काढा. बी पडल्यावर उंदीर फार होतात, धानाच्या ढोल्या झाकून ठेवा. त्या तुकड्यात चार-पाच वर्षं गुरं आणि आग अजिबात जाऊ द्यायची नाही. पहिल्या पावसात गवतासारखी हिरवी रोपं उगवतात, अनोळखी माणूस ती तुडवून जाईल. तोडीजोगा बांबू व्हायला आठ-दहा वर्षं जातात, तोवर दुसऱ्या बेटांवर भागवावं लागतं.

वही

आम्ही जंगलाचे तीन भाग केले आहेत आणि दर वर्षी एकाच भागात तोड करतो, म्हणजे प्रत्येक बेटाला मधली दोन वर्षं पूर्ण विश्रांती मिळते. तोडीच्या भागातल्या मोठ्या बेटांना पत्र्याच्या तुकड्यावर क्रमांक लिहून शेजारच्या झाडाला सुतळीनं बांधला आहे. खिळा ठोकत नाही. वहीत प्रत्येक क्रमांकापुढे यंदाचे, गेल्या वर्षीचे, पक्के, घेतलेले, एवढे चार आकडे. वही शाळेत जाणाऱ्या मुली लिहितात, कारण त्यांचं अक्षर चांगलं आहे आणि त्या खोटा आकडा लिहून देत नाहीत.

रस्त्याकाठच्या त्या बोडक्या बेटांपैकी १४ क्रमांकाचं बेट मामाजींनी मला दाखवलं होतं. त्यात तेव्हा एकूण ११ काड्या होत्या, सगळ्या अंगठ्याएवढ्या. त्याला आम्ही सहा वर्षं हात लावला नाही, दर जूनला माती चढवली. गेल्या डिसेंबरात मोजलं: यंदाचे ६, गेल्या वर्षीचे ५, पक्के १७, आणि यंदाचे सहाही माझ्या मनगटापेक्षा जाड. घेतले ७. वहीत तसं लिहिलं आहे, पुढची पाळी तीन वर्षांनी.